पट्टेवाली गाडी आणि कशेळ्याचा रस्ता

मी गाड्यांचं काम करते असं कळलं की माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" लग्नात भेटलेले लांबचे मामा, दातांचे डॉक्टर, दळण घेऊन निघालेली शेजारीण, सगळे. ब्रेक कसे लागतात ते कोणी विचारत नाही, एअरबॅग किती आहेत ते तर मुळीच नाही. पूर्वी मी नीट समजावून सांगायचे की बाबांनो, ते रस्त्यावर असतं, चालवणाऱ्याच्या पायावर असतं, गाडीत किती माणसं कोंबता त्यावर असतं. आता नाही सांगत. "चांगलं देते," म्हणते आणि विषय मिटवते. तो आकडा कसा येतो ते मी एकदा अगदी जवळून पाहिलंय, आणि ते लग्नाच्या पंगतीत उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एक लहान गाडी काढायला घेतली. बांधा उंच, खड्ड्यात पोट न घासणारा, पण लांबी आखूड, गल्लीत सहज वळेल अशी. हल्ली क्रॉसओव्हर म्हणतात तसली. ती इथेच नाही, जगभर विकायची होती, आणि तिचं सगळं भांडवल होतं तिचं नवं तीन सिलेंडरचं इंजिन. हलकं, लहान आणि पेट्रोलच्या बाबतीत पक्कं कंजूष. कुठल्या देशात बर्फावर तिच्या चाचण्या चालल्या होत्या, कुठे वाळवंटात. आमच्या वाट्याला आला होता रोजचा रस्ता. माणसं खरोखर जातात-येतात तसला: थोडा घाट, थोडे खड्डे, बाजार, म्हशी, फाटकं, आणि मध्येच कोणीतरी उलट्या बाजूने येणारं. त्यासाठी खालापूरच्या टोलनाक्याजवळ एक पत्र्याची शेड घेतली होती. माझं माहेर खोपोलीचं, सासर खालापूरचं, डिप्लोमाही इथलाच. रस्ता माहीत असलेली बाई म्हणून मला तिथे नेमलं. रोजच्या फेऱ्या नीट झाल्या की नाही, पेट्रोल किती गेलं, टायरमध्ये हवा बरोबर होती का, हे पाहणं माझ्याकडे.

गाडी गुप्त होती. म्हणजे तिच्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचं कातडं चढवलेलं, आतला डॅशबोर्ड काळ्या कापडाखाली. आकार कोणाला कळू नये म्हणून हा खटाटोप. आता सांगा, कर्जतच्या रस्त्यावरून असलं काळं-पांढरं काहीतरी रोज ठरलेल्या वेळेला जायला लागल्यावर ते कोणाच्या नजरेत भरणार नाही? आठवडाभरात तिचं नाव पडलं, पट्टेवाली. कंपनीने ठेवलेलं सांकेतिक नाव आम्हीसुद्धा विसरलो.

फेरी ठरलेली: खालापूरहून खोपोली, मग पळसदरीवरून कर्जत, तिथून मुरबाडच्या रस्त्याला कडावमार्गे कशेळे, आणि तसंच परत. नियमही ठरलेले. ड्रायव्हर आणि चाचणीची माणसं सोडून गाडीत कोणी बसायचं नाही. पण गाडी रिकामी पळवून काय कळणार? म्हणून माणसांऐवजी वाळूच्या पिशव्या. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. पिशवी घसरू नये म्हणून तिला सीटबेल्टसुद्धा लावायचा.

ही गाडी चालवायला आम्हाला काका मिळाले. उभा जन्म त्यांनी कर्जत-मुरबाड रस्त्यावर सरकारी लाल गाडी चालवली होती. निवृत्त झाले आणि भातशेती मुलाच्या ताब्यात देऊन घरी बसले. बसले म्हणजे काय, घरच्यांना नको करून सोडलं. काकू मला सांगायच्या, "जेवताना पण यांचा डावा पाय क्लच दाबतो गं. रात्री झोपंत हार्न मारतात." अशा माणसाला कंत्राटावर का होईना, पुन्हा स्टिअरिंग मिळालं. काका पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावला आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय. तोंड रंगवलंय फक्त." पट्टेवालीला त्यांनी शेवटपर्यंत पोरगीच म्हटलं.

आणि चालवायचे काय! मी त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा कर्जतला गेले तेव्हा मांडीवरच्या पेल्यातला चहा हिंदकळला नाही. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. अशा पायाखाली पेट्रोल वाया जाणं शक्यच नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याने माझं डोकं फिरलं.

आकडा येईना. प्रयोगशाळेत इंजिन जे देत होतं त्याच्या जवळपाससुद्धा रस्त्यावर देईना. खोपोलीपर्यंत छान, कर्जतपर्यंत छान, आणि कर्जत ओलांडून कशेळ्याच्या रस्त्याला लागलं की गाडी पेट्रोल पिऊ लागायची. पुण्याहून येणारे आमचे साहेब शांत स्वभावाचे, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. एकदा फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं. आकडा आला नाही तर हे इंजिन बाजूला ठेवून जुनं जड इंजिन बसवतील, मग ती गाडी आणि बाजारातल्या दहा गाड्या सारख्याच. मी टायर बदलले. फिल्टर बदलला. पंपावर जाऊन पेट्रोलवाल्याशी भांडले, तो बिचारा अजून मला पाहिलं की आत जातो. काकांना विचारलं, कशेळ्याच्या बाजूला इतकं थांबणं का होतं? ते म्हणाले, "रस्ता हाय बाय, थांबावं लागतं." मी म्हटलं, खरंय, म्हशी असतील.

मग एके दिवशी मागच्या सीटखाली मला कोंबडीचं पीस सापडलं.

वाळूच्या पिशवीला पिसं फुटत नाहीत, एवढं इंजिनिअरिंग मी शिकले होते. दुसऱ्या दिवशी कोणाला काही न बोलता मी कशेळ्याचा बाजार गाठला आणि पट्टेवाली यायच्या वेळेला नाक्यावर उभी राहिले. शेजारी एक म्हातारी मावशी बसली होती, पुढ्यात शेवग्याच्या शेंगा आणि टोपलीखाली कोंबड्या. डोंगरातल्या वाडीवरून उतरून बाजाराला येणारी. मी घड्याळ बघतेय हे पाहून तिने मला दिलासा दिला.

"येईल गं आता. पट्टेवाली कवाच चुकत नाय. जीपपेक्षा बरी."

"तुम्ही बसता त्यात?" मी विचारलं.

"बसतो की. डायवर आपलाच हाय, लाल गाडीवरचा. फक्त ते काळं फडकं उचलायचं नाय. आमी नाय उचलत."

म्हणजे जगातली सर्वात गुप्त गाडी कशेळ्याच्या बाजाराला वेळापत्रकाने येत होती! मी तोंडावर पदर धरला, कारण हसू आणि संताप दोन्ही एकदम आले होते. तेवढ्यात पट्टेवाली आली. मागच्या दारातून एक बाई उतरली, मग तिचं गाठोडं, मग आणखी एक बाई. उतरणाऱ्या बाईने दार लावून काचेवर दोनदा थाप मारली, आणि ती दुहेरी थाप ऐकल्यावरच काकांनी गाडी हलवली. कंडक्टरच्या दोन घंटांची सवय. मी पुढे जाऊन बॉनेटवर हात आपटला.

"काका, बाजूला घ्या गाडी."

लपवाछपवी त्यांना जमतच नव्हती. गाडीत कोण बसतं हे मी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढंच. पेज नदीच्या पुलाअलीकडे गाडी उभी करून मी त्यांना जे काही बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलावं असं ते नव्हतं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आम्ही तिकडे फिल्टर बदलतोय, टायर बदलतोय, तिकडे इंजिन रद्द व्हायची वेळ आलीय, आणि तुम्ही इथे कोंबड्या वाहताय?"

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या सीटकडे बोट केलं.

"तू सांग. वाळूला पट्टा लावून थाटात बसवलीय. आन बाई डोक्यावर वझं घेऊन उन्हात उभी. हात करते. मी तिच्यासमोरनं वाळू घेऊन जाऊ?"

मी आवाज आणखी चढवला. त्यांना म्हटलं, ही लाल गाडी नाही, ही चाचणीची गाडी आहे. प्रत्येक माणसामागे वजन वाढतं, थांबलं-निघालं की पेट्रोल जातं, आणि बदनाम होतं ते बिचारं इंजिन. ते काकांना खरंच माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीची गाडी दोन बायका आणि चार कोंबड्यांनी नापास होईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "म्हंजे पोरगी माझ्यामुळं नापास होते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांचा चेहरा पडला तो माझ्याने पाहवेना.

खोटं मला पचत नाही. मी संध्याकाळी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर मात्र कामाचं बोलले. आजपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या बाद. पुढच्या आठवड्यात ते स्वतः येऊन गाडीत बसणार. काकांसारखा हात दुसरा मिळणार नाही, म्हणून ही एक संधी. पण गाडी वाटेत एकदाही कोणासाठी थांबली, तर काका त्याच दिवशी घरी आणि दुसरा ड्रायव्हर.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते शेडच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "घरी नको धाडू गं बाय. घरी मी मरून जाईन." नाटकीपणा अंगात नसलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते नुसतं बोलणं नसतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, कोण धाडतंय, तुम्ही फक्त थांबू नका. सोपं आहे.

सोपं! दुसऱ्या दिवशी पुढची पिशवी काढून तिच्या जागी मी बसले. मी पिशवीपेक्षा जड भरले, हे काकांनी वजनकाट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, तेही मी गिळलं. कर्जतपर्यंत मजेत गेलो. कर्जत सुटलं आणि पहिल्याच थांब्यावर एका बाईने हात केला. काकांचा पाय ॲक्सिलेटरवरून उचलला गेला. मी ओरडले. पाय परत खाली. पुढच्या थांब्यावर दोन माणसं, पुन्हा तेच. कशेळ्यापर्यंत गाडी अशी आचके देत गेली की मला मळमळायला लागलं. माणूस एकही घेतला नाही आणि आकडा मात्र आधीपेक्षा वाईट आला.

"हात दिसला की पाय माझं ऐकत नाय," काका म्हणाले.

"मग बघू नका हाताकडे!"

"डायवरला सांगतेस रस्ता बघू नको?"

पुढचे दोन दिवसही तसेच गेले. मी चिडायचे, ते ओशाळायचे. एका बाईला पाहून त्यांनी जोर करून गाडी पुढे काढली, तर पुढचं सगळं अंतर ते स्वतःशी बडबडत होते, "वळखलं तिनं मला. वळखलं." त्या बाईला त्यांनी शाळेत असल्यापासून लाल गाडीतून नेलं होतं. मला वाटलं, झालं, हा माणूस घरी जाणार, आणि त्याला घरी पाठवणारी मी. मी साहेबांना सांगितलं ते बरोबरच केलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग काकांनी एक दिवसाची रजा मागितली. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "जरा रस्त्याशी बोलून येतो." मला वाटलं, देवदर्शनाला चाललेत. जाऊ दे म्हटलं.

ते काय करून आले ते मला नंतर कडावच्या चहावाल्याकडून कळलं. इस्त्रीचा शर्ट घालून काका शेअर जीपने निघाले आणि प्रत्येक थांब्यावर उतरले. थांब्यावरच्या माणसांना गोळा करून सांगितलं, पुढच्या जीपने पुढचा थांबा, असं करत कशेळ्याच्या बाजारापर्यंत. भाषण वगैरे काही नाही. एवढंच म्हणाले, "मला हात करू नका. तुमी हात केला तर मी थांबनार. आन थांबलो तर घरी बसनार." बाजारात मावशी त्यांच्यावर खेकसली म्हणे, "मग आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं? आमी चालत गेलो असतो." आणि मग तिनेच ते वाडीवाडीवर पोचवलं.

साहेब आले. मागची पिशवी काढून मागच्या सीटवर बसले, मांडीवर लॅपटॉप. मी पुढे. काकांनी दार लावलं, आरसा नीट केला, आणि निघायचं सोडून थांबून राहिले. मला कळलं. मी गुपचूप माझ्या काचेवर दोनदा बोट वाजवलं आणि गाडी निघाली.

कर्जत मागे पडलं. पहिला थांबा लांबून दिसायला लागला, तिथे चार-पाच माणसं होती. आम्ही जवळ आलो तशी ती माणसं एकेक करून वळली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. गाठोडं घेतलेली बाई वळली, काठी टेकणारे आजोबा सावकाश वळले, कडेवर लेकरू असलेल्या एकीने लेकराचं तोंडसुद्धा पलीकडे फिरवलं. गाडी एका लयीत पुढे गेली. काकांचा पाय हलला नाही. पुढच्या थांब्यावर तेच, त्याच्या पुढच्या थांब्यावरही तेच. सगळा रस्ता आमच्याकडे पाठ करून उभा होता. मला रडू येत होतं आणि मागे साहेब असल्यामुळे रडता येत नव्हतं.

साहेबांनी एकदा लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "इथली माणसं अशी पाठ करून का उभी राहतात?"

"तोंडावर ऊन येतं, साहेब," काका म्हणाले. आभाळ भरून आलं होतं.

कडावच्या थांब्यावर घोळ झाला. शेतघरावर राहायला आलेला कोणी शहरी पाहुणा असावा, पाठीला बॅग लावलेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याने भला मोठा हात वर केला. काकांचा पाय ब्रेककडे निघाला, मी स्वतः पाहिला. मी डोळे मिटणार तोच त्याच्या शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरगी, रस्त्याकडे पाठ होती तिची, तिने न वळता त्याचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला. तो दचकून तिच्याकडे बघतोय तोवर आम्ही पुढे. काकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. साहेब त्या वेळी पडद्याकडे बघत होते, किंवा बघत आहेत असं दाखवत होते. मी कधी विचारलं नाही.

आकडा आला. शेडमध्ये परतल्यावर साहेबांनी दोनदा तपासला आणि काकांशी हात मिळवला. "पोरगी पास?" काकांनी विचारलं. साहेबांना आधी कळेना, मग म्हणाले, "पास." काकू संध्याकाळी खीर घेऊन आल्या.

त्यानंतर गाडी बाजारात येईपर्यंत काकांनीच ती चालवली. उन्हाळा, पावसाळा, पुन्हा हिवाळा. सगळ्या ऋतूंतला आकडा हवा होता. आणि त्या सगळ्या काळात कशेळ्याच्या रस्त्यावर पट्टेवालीला कोणी हात केला नाही. मला हळूहळू त्याची सवय झाली. सुरुवातीला मी एकेक पाठ बघत जायचे, मग फक्त घड्याळ आणि पेट्रोल बघायला लागले. माणसाचं असंच असतं. काका मात्र प्रत्येक थांब्यावर बोटं किंचित उचलायचे, पाठीला नमस्कार केल्यागत. इंजिन कायम झालं, ब्रेकची चाचणी झाली, पट्ट्यांचं कातडं उतरलं आणि आत खरोखरच एक देखणी गाडी निघाली. लाल रंगात तर काका तिच्याकडे बघतच राहिले.

जगभर एकाच दिवशी पडदा उठणार होता. आम्ही तो सोहळा खालापूरच्या शेडमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला, समोसे आणि काकांसाठी खास खुर्ची. परदेशातलं एक झगमगीत सभागृह, धूर, संगीत, आणि धुरातून ती आली. टाळ्या. मागे भिंतीएवढ्या अक्षरांत तिचा आकडा लिहिला होता, लिटरला किती. आमचा आकडा! मी खुर्चीत उड्या मारायची बाकी होते. मग तिची फिल्म दाखवली. समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, गाडीत दोन सुंदर माणसं हसतायत, केस उडतायत. काका पुढे झुकून बघत होते.

"कोणच नाय रस्त्यावर?" ते म्हणाले. "सगळी माणसं गेली कुठं?"

आम्ही सगळे हसलो. त्यांनी गंमत केली नव्हती, पण आम्ही हसलो.

कंत्राट संपलं. मी घाबरत घाबरत विचारलं, आता घरी कसं करणार? ते म्हणाले, "आता बसतो की. पोरगी उजवली, आता काय." काही महिन्यांनी मी स्वतः तीच गाडी घेतली, लाल. नवी गाडी आधी काकांच्या दारात नेली. चावी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. "तू चालव. मी बसतो वाळूच्या जागेवर." काकूंनी ओवाळलं आणि आम्ही दोघं निघालो. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण कर्जत आल्यावर गाडी आपोआप कशेळ्याच्या रस्त्याला लागली.

कडाव मागे टाकलं. पुढे वळणावर झाडाखाली एकच बाई उभी होती, डोक्यावर टोपली, हातात शेंगांची जुडी. लांबूनच ओळखली. मावशी. तिने गाडी पाहिली. पट्टे नव्हते, रंग वेगळा होता, पण इतके महिने बघून तिला आकार पाठ झाला होता. ती वळली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी ब्रेक मारला. काका काच खाली करून म्हणाले, "अगं, चल, बस."

ती वळली नाही. "जा रं तू. मोजमाप बिघडंल तुझं."

"संपलं मोजमाप. कवाच संपलं. हिची सोताची गाडी हाय ही."

तेव्हा ती वळली. मी उतरून टोपली मागे ठेवली, तिला बसवलं, पट्टा लावून दिला. तिने सीटवर हात फिरवला, मग डॅशबोर्डकडे बघून म्हणाली, "फडकं काढलं व्हय? ह्ये लपवत होतात?" काका खदाखदा हसले. मीही हसले. गाडी निघाली. खूप बरं वाटत होतं मला, सगळं जागच्या जागी आल्यासारखं.

थोडं पुढे गेल्यावर मावशी आपणहून बोलायला लागली. "एकदा लई वाटलं होतं हात करावा. पावसात. पाय मुरगळला होता, टेकवत नव्हता. तू येताना दिसलास."

काका मागे वळले. "मग?"

"मग काय. उभी ऱ्हायले असते तर तुला दिसलं असतं, पाय धरलाय ते. हात नसता केला तरी थांबला असतास. म्हनून झाडामागं जाऊन बसले."

"मी तुला बघितलीच नाय," काका म्हणाले.

"तेच तर."

मी आरशात पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, नव्या गाडीतून रस्ता कसा दिसतो ते बघत असावी.

"मग जीपनं गेलीस?" काकांनी विचारलं.

"जीपा भरून गेल्या. चालत गेले हळूहळू." तिने काचेवरून नजर काढली आणि काकांकडे पाहिलं. "त्या दिशी पास झाली ना पन तुजी गाडी?"

"झाली," काका म्हणाले. मग त्यांनी तोंड पुढे वळवलं आणि रडायला लागले.